भय, श्रद्धा आणि न लिहिलेला शेवट

भय नाहीसे होणे हीच श्रद्धेची खूण, असे मानण्याचा प्रघात संतचरित्रांच्या वाचनात रूढ आहे. संताला भय वाटले असे म्हणावे, तर त्याची श्रद्धा उणी ठरते. वाटले नाही असे म्हणावे, तर तो सामान्य वाचकापासून दुरावतो. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे श्वापदांपुढे सोडल्या गेलेल्या पर्पेच्युआ या ख्रिस्ती स्त्रीविषयीची लॅटिन संहिता या पेचाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू देते.

या संहितेत एकाहून अधिक निवेदक आहेत. तुरुंगातील दिवसांचे प्रथमपुरुषी निवेदन स्वतः पर्पेच्युआचे असल्याचे संहिताच सांगते. बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात, काहींनी शंकाही घेतली आहे. रिंगणातील मृत्यूचा प्रसंग मात्र एक अनाम संपादक सांगतो. त्याची पर्पेच्युआ तेजस्वी मुद्रेने, प्रेक्षकांच्या नजरा झुकवीत चालत जाते. प्रथमपुरुषी निवेदनातली पर्पेच्युआ सुमारे २२ वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली आई आहे. कोठडीतला अंधार पाहून ती घाबरते आणि मुलाच्या काळजीने खंगते. तिला पहिला दिलासा मिळतो तो दिव्य वाणीतून नव्हे. दोन डीकन पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांची काही तास बऱ्या जागी सोय करतात. पुढे मूल जवळ ठेवण्याची मुभा मिळते आणि तोच तुरुंग तिला महालासारखा वाटू लागतो.

हा दिलासा केवळ मानवी आहे, त्यात ईश्वरनिष्ठा कोठे, असा आक्षेप संभवतो. परंतु मानवी आधार आणि ईश्वरी आधार अशी विभागणी पर्पेच्युआ करीतच नाही. तिच्या पहिल्या स्वप्नात आकाशाला भिडलेली एक शिडी आहे आणि तिच्या पायथ्याशी एक महासर्प आहे. ख्रिस्ताचे नाव घेऊन ती पुढे होते, तेव्हा सर्प नाहीसा होत नाही. त्याचे मस्तकच तिची पहिली पायरी होते. भय आणि श्रद्धा यांचे नाते या प्रतिमेत नेमके व्यक्त झाले आहे. भय ओलांडायचे असते. ते नव्हतेच असे दाखवायचे नसते.

निवेदनाचा शेवट याहून अर्थपूर्ण आहे. अखेरच्या स्वप्नानंतर आपला विजय होणार याची तिला खात्री वाटते. तरीही प्रत्यक्ष झुंजीचा वृत्तान्त ज्याला लिहावासा वाटेल त्याने लिहावा, असे सुचवून ती थांबते. विजयाची खात्री असली, तरी तो कोणत्या वेदनेतून येईल हे तिच्या हाती नाही. आपल्या कथेचा शेवट आपल्या ताब्यात नाही, हे स्वीकारूनही जे अनुभवले ते प्रामाणिकपणे लिहिणे, हेच तिच्या श्रद्धेचे रूप आहे.

म्हणूनच पर्पेच्युआला ‘निर्भय’ हे विशेषण लावताना मराठी अभ्यासकाने थांबावे. त्या शब्दाने तिचा गौरव होतो, पण भ्यालेल्या माणसाला तिच्या शेजारी जागा उरत नाही. तिच्या निवेदनात ती जागा आहे.