नाव बदलले, जहाज तेच

युरोप-अमेरिकेतल्या हौशी नौकाधारकांमध्ये एक विधी आजही मनोभावे पार पाडला जातो. जुनी बोट विकत घेतली आणि तिचे नाव पसंत नसले, तर नवे रंगवण्याआधी जुन्याचा मागमूस पुसायचा. बाजूवरची अक्षरे खरवडायची; लॉगबुक, जीवरक्षक कडी, अगदी किल्लीची साखळीसुद्धा सोडायची नाही. मग धातूच्या पट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने जुने नाव लिहून ती समुद्रात टाकायची आणि नेपच्यूनला विनवायचे, की बाबा, तुझ्या वहीतून हे खोडून टाक. शॅम्पेन आधी देवाला, उरेल ती पाहुण्यांना. समुद्रदेवाकडे प्रत्येक जहाजाची नोंद असते आणि परस्पर नाव बदलणाऱ्याला तो बुडवतो, ही त्यामागची समजूत.

ती खोटी ठरवायला एक मुंबईकर जहाज पुरे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. पुढे 1897 मध्ये जॉर्ज व्हीटली कॉब या धनिकाची ‘फूद्रवायाँ’ ही जुनी युद्धनौका, एके काळची नेल्सनची, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिच्या जागी कॉबने ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली आणि तिला चक्क त्या फुटलेल्या जहाजाचे नाव दिले. अपशकुन मानायचाच तर याहून मोठा कोणता? तरी हे सागवान ते नाव घेऊन कित्येक दशके तरुणांना दर्यावर्दीपणाचे धडे देत राहिले. 1992 मध्ये मूळ नाव परत मिळाले, आणि आजही ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आपली ‘विराट’ बांधायला घेतली तेव्हा ‘एलिफंट’ होती. ‘हर्मिस’ म्हणून ती 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती, आणि भारतीय नौदलात 1987 ते 2017 अशी तीस वर्षे राबली. उलट शुभ नावाचा भरवसा धरावा, तर संताचे नाव मिरवणारी ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर सहाशेहून अधिक माणसांना घेऊन बुडाली. समुद्राला अक्षरओळख नाही.

मग ही भीती इतकी चिवट का? माझा तर्क असा, की खलाशाला खरे भय मालकाचे होते. बिनतारी यंत्र नव्हते त्या काळात अनोळखी जहाजावर चढणाऱ्या गड्याला त्याच्याविषयी काय कळे? नाव, आणि नावाभोवतीची वदंता. कोणते जहाज पाणी घेते, कुठला कप्तान पोटाला मारतो, कोणाचा विमा उतरवायला कोणी धजत नाही, हे सगळे बंदरातल्या गुत्त्यांतून नावाला चिकटून फिरे. सावकाराचा दावाही त्याच नावावर. नाव बदलले की ही सारी पत आणि बदनामी एका रात्रीत धुतली जाई. एकोणिसाव्या शतकात बराच काळ ब्रिटिश कायद्याने नोंदलेल्या जहाजाचे नाव बदलू दिले नाही, आणि पुढे दिले तेही सरकारी परवानगीने. कायद्याचा नेपच्यूनवर विश्वास नव्हता, पण मालकांवरही नव्हता.

आपल्याकडे नाव बदलण्याचे भय नाही, कौतुक आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिणारे घर नाव आणि मालकी यांचे नाते पक्के ओळखून असते. बदल कोण करतो आणि कोणासाठी करतो, हा प्रश्न तिथेही आहेच.

जहाजांच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर येऊन पडते. 24 मार्च 1989 रोजी अलास्कातल्या एका आखातात ‘एक्सॉन वाल्डीझ’ ही तेलवाहू नौका खडकावर चढली आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. अपघात मूळ नावानिशी झाला, हे अंधश्रद्धाळूंनी ध्यानात घ्यावे. दुरुस्तीनंतर ती ‘एक्सॉन मेडिटेरेनियन’ झाली. मग नावातून कंपनी गळाली. पुढे ‘डाँग फँग ओशन’ नावाने तिने खनिज वाहिले, आणि 2012 मध्ये गुजरातेत अलंगला भंगारात निघाली ती ‘ओरिएंटल नाइसिटी’ म्हणून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 जुलै 2012 रोजी तिला किनाऱ्यावर चढवायची परवानगी मिळाली. अमेरिकन कायदेमंडळ मात्र या खेळाला फसले नव्हते. तेलगळतीविषयीच्या 1990 च्या कायद्यात त्याने जहाजाचे नाव घातलेच नाही. 22 मार्च 1989 नंतर कुठेही दहा लाख गॅलनहून अधिक तेल सांडलेल्या जहाजाला त्या आखातात बंदी, एवढेच लिहिले. नाव कितीही बदला, कृत्य बदलत नाही.

अलंगची वाट धरलेल्या जहाजाचे शेवटच्या फेरीपुरते नाव बदलणे हा तर धंद्याचा रिवाजच. 458 मीटर लांबीचे, ‘सीवाइज जायंट’ म्हणून गाजलेले तेलवाहू जहाज ‘नॉक नेव्हिस’चे नुसते ‘माँट’ होऊन इथे तुटले. फ्रान्सची शान असलेले ‘फ्रान्स’ आधी ‘नॉर्वे’ झाले. 2003 मध्ये मायामीत त्याचा बॉयलर फुटून आठ कर्मचारी गेले, आणि 2006 मध्ये ते ‘ब्लू लेडी’ होऊन, पोटात ॲस्बेस्टॉस घेऊन अलंगला आले.

नेपच्यूनच्या वहीचे काम आता आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, क्रमांक करतो. 1996 पासून मोठ्या व्यापारी जहाजांना सक्तीचा असलेला हा सात आकडी क्रमांक नाव, झेंडा, मालक काहीही बदलले तरी बदलत नाही. निर्बंध चुकवणारी तेलवाहू जहाजे खोटे क्रमांक सांगतात, तेही त्याची भीती वाटते म्हणूनच. पण हा क्रमांक वाचतो कोण? विमावाले, बंदर अधिकारी, फार तर पत्रकार. अलंगला गॅस कटर घेऊन पोलाद कापणारा ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचा मजूर नाही. त्याच्यापुढे येते ते नव्या नावाचे अनोळखी धूड. जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी बंधनकारक आहे. ती यादी इंग्रजी फायलीत ठेवून भागणार नाही. गुजरात मेरिटाइम बोर्डाने प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी, मजुरांना वाचता येईल अशा भाषेत, जहाजाची आजवरची सगळी नावे, त्याने वाहिलेला माल आणि पोटातले विष लिहिलेला फलक लावणे सक्तीचे करावे.