रक्तातील संचित

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे दूरदूरच्या मुलुखांतून गोंड यात्रेकरू येतात, तेव्हा आपले कूळ चार देवांचे, पाच, सहा की सात, हे त्यांतील जाणत्यांस ठाऊक असते. कारण समान देवसंख्येची कुळे भाऊबंद ठरून त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे कोणाचे रक्त कोणाच्या रक्तास मिळावे, याचा फैसला येथे श्रद्धा करीत आली आहे. मग देह निसर्गाने घडविला आणि संस्कृती तेवढी माणसाने, ही वाटणी कितपत खरी मानावी?

सिकलसेल हा विकार या प्रदेशातील अनेक समाजांत वंशपरंपरेने आढळतो. त्याचा गुण आई व बाप या दोघांकडून आल्यास तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून आजन्म वेदना देतात. परंतु एकाकडूनच आल्यास तोच गुण घातक हिवतापापासून संरक्षण करतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले, आणि जंगल तोडून शेती करणाऱ्या माणसानेच डासांस उन्हातली डबकी पुरविली, असे १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी पश्चिम आफ्रिकेविषयी प्रतिपादिले. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारांच्या वहिवाटीत गेलेल्या आमच्या तलावांहून हा गुण पुष्कळ प्राचीन आहे. तथापि धानाच्या बांधीत पाणी अडविणारा हात आपल्या वंशाचे रक्तही निवडीत असतो, हा विचार येथल्या माणसास अंतर्मुख केल्यावाचून राहत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी संचित, म्हणजे मागून चालत आलेले, आणि क्रियमाण, म्हणजे आज हातून घडणारे, असा कर्माचा भेद केला. रक्तातील गुण हे संचित. ते कोणाचे पाप नव्हे, पूर्वजांच्या जगण्याची ती खूण आहे. मात्र जातीतच किंवा आते-मामे भावंडांत सोयरीक जुळविताना हा गुण एकाच पालकाकडून आलेले दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक अपत्याच्या वाट्यास हा आजार येण्याचा संभव चारांत एक असतो. तेथे क्रियमाणाचा अधिकार सुरू होतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून आरंभिलेल्या सिकलसेलविषयक राष्ट्रीय मोहिमेने तपासणीची वाट खुली केली आहे. पण वाहक हा रोगी नव्हे, हे विसरून आपण त्यास विटाळ मानू लागलो, तर विज्ञानाच्या हातूनच नवी अस्पृश्यता जन्मास येईल.

सोयरिकीपूर्वी देव किती, हे विचारण्याची रीत येथे आहेच. त्याच आदराने, त्याच बैठकीत, रक्ताविषयीही विचारले जावे. कारण ज्या लेकरासाठी हा प्रश्न विचारावयाचा, त्यास स्वतः तो विचारता येत नाही.