ऑर्डरचा कागद परत घे

तुझ्या ऑर्डरचा कागद नीट वाचला. ‘सर, पाठवण्याआधी एकदा नजर टाका’ म्हणालास म्हणून टाकली. आता मला काय वाटतं ते ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस.

तू जुना लायका एम6 घेतलास. कॅमेरा चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो परदेशातल्या कारागिराकडे पाठवून आपल्या पसंतीने घडवून घ्यायचा, यालाही माझा विरोध नाही. खुद्द लायकाने 2004 मध्ये ‘आ ला कार्ट’ या नावाने गिऱ्हाइकाच्या निवडीप्रमाणे फिल्मचा कॅमेरा बांधून द्यायला सुरुवात केली होती. ती सोय आता बंद झाली, लोक बाहेरच्या कारागिरांकडे जातात. पण तुझ्या कागदावर आहे काय? चामड्याचा रंग कोणता, त्याचा पोत कसा हवा, यावर अर्धं पान. वरच्या प्लेटवर तुझं नाव देवनागरीत कोरायचं, त्याचं रेखाटन सोबत जोडलेलं. सगळ्याला काळा रंग, आणि कोपऱ्यांवर तो आधीच घासून खालचं पितळ दिसेल असं करून द्यावं, ही विनंती अधोरेखित. व्ह्यूफाइंडरच्या रकान्यात मात्र नुसता एक आकडा, 0.85. का, म्हणून विचारलं तर उत्तर काय दिलंस? ‘मोठं दिसतं ना सर.’

हा कागद कॅमेरा वापरलेल्या माणसाने भरायचा असतो. तू तो आरशासमोर उभा राहून भरलास.

आधी त्या आकड्याचं बघू. फाइंडरमध्ये समोरचं किती पट दिसतं, ते हा आकडा सांगतो. एम6 मुळात 0.72 चा फाइंडर घेऊन येतो. रेंजफाइंडर अंतर मोजतो ते कॅमेऱ्याच्या पुढच्या दोन खिडक्यांमधल्या अंतराच्या आधाराने. ते अंतर आहे 69.25 मिलिमीटर. त्याला फाइंडरच्या आकड्याने गुणायचं, म्हणजे फोकसला प्रत्यक्षात उपयोगी पडणारी लांबी मिळते. 0.72 ला ती जवळपास 50 मिलिमीटर येते, 0.85 ला 59 च्या आसपास. ही लांबी जितकी जास्त, तितका फोकस अचूक. म्हणजे 75 किंवा 90 मिलिमीटरची लेन्स वापरणाऱ्याला, 50 ची लेन्स पूर्ण उघडून मिणमिणत्या उजेडात फोटो काढणाऱ्याला, 0.85 चा खरा फायदा आहे. असा माणूस 0.85 मागतो तेव्हा मी त्याच्या कागदावर डोळे झाकून सही करीन.

तुझ्याकडे लेन्स कोणत्या आहेत? 28 आणि 35. त्या 0.85 च्या फाइंडरमध्ये 28 ची रेषाच नसते, काढून टाकलेली असते, कारण तेवढं क्षेत्र त्यात मावतच नाही. तुझी जी लेन्स सगळ्यात जास्त वापरात आहे, तिची चौकट तुला दिसणार नाही, आणि त्यासाठी तू पैसे मोजायला निघालास! राहिली 35. तिची चौकट पार कडेला जाते. तुला चष्मा आहे. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि कडा दिसेनाशा होतात. चौकटीचे चार कोपरे पाहायला तुला मान हलवावी लागेल, आणि तेवढ्यात समोरचा माणूस निघून गेलेला असेल. तुझ्या कामाला चालेल असा आकडा 0.58 आहे. त्याची उपयोगी लांबी 40 मिलिमीटर भरते, 28 आणि 35 ला ती पुरते. तो फाइंडर मिळत नसेल तर आहे तोच 0.72 राहू दे. हे तुला कुठल्याही पुस्तकात वाचायची गरज नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्यावर उभा राहिला असतास तरी कळलं असतं.

आता ते पितळ. त्या ओळीने मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

पहिली गोष्ट, 1984 ते 2002 या काळातल्या नेहमीच्या एम6 ची वरची प्लेट पितळेची नाहीच. ती ओतीव जस्ताची आहे. कितीही घास, खालून पितळ येणार नाही. उलट जस्ताच्या त्या प्लेटवर वरचा थर फुगून फोड येण्याची खोड आहे, ती माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. पितळी प्लेट हवी होती तर 2003 पासूनचा एमपी आहे, 2022 मध्ये पुन्हा काढलेला एम6 आहे. आपण ज्याच्यावर एवढे पैसे घालतोय ते कशाचं बनलंय, एवढीही चौकशी तू केली नाहीस.

पण समजा, प्लेट पितळेची असती, तरी काय? रंग उडालेल्या कोपऱ्यांचं तुला एवढं आकर्षण कशाचं आहे? ती झीज कुणाच्या तरी हातांनी झालेली असते. गॅरी विनोग्रँडच्या एम4 ची आतली बाजू बघ. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फोटो काढलेला हा माणूस 1984 मध्ये गेला, तेव्हा अडीच हजारांहून जास्त रोल डेव्हलप न करता मागे राहिले होते. इतकी फिल्म त्याच्या कॅमेऱ्यातून गेली की आतल्या दाबपट्टीवर फिल्मच्या छिद्रांच्या ओळी घासून उमटल्या. ती खूण कुणाला दाखवायला केलेली नव्हती, मागचं झाकण उघडल्याशिवाय ती दिसतही नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ तर कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकत असे, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधीजींना भेटून आलेला आणि काही तासांनी त्याच शहरात जमलेला शोकाकुल जनसमुदाय टिपणारा हा छायाचित्रकार. त्याला कॅमेरा दिसायला नको होता. तुला आधी तो दिसायलाच हवा आहे. तू जे मागतो आहेस ते खोटं आहे. दुसऱ्याच्या मेहनतीच्या खुणा आपल्या अंगावर काढून घेणं आहे. माझ्या वर्गातल्या मुलाने हे करावं हे मला अजिबात चालणार नाही.

घडवून घेतलेला कॅमेरा म्हणजे काय, ते डेव्हिड डग्लस डंकनकडून शीक. ‘लाइफ’ साप्ताहिकाचा हा छायाचित्रकार कोरियाच्या युद्धात पायदळाबरोबर फिरला. लायकाने 1955 मध्ये त्याच्यासाठी चार कॅमेरे खास बांधले, एम3डी म्हणतात त्यांना. वेगळं काय होतं त्यात? तळाला एक खटका, बोटाने ओढला की फिल्म पुढे सरकते. त्यामुळे डोळा फाइंडरवरून काढावा लागत नाही, हात वर न्यावा लागत नाही. युद्धात राहिलेल्या माणसाला कशाची अडचण होते हे ठाऊक होतं, म्हणून त्याने तेवढंच मागितलं. पुढच्याच वर्षी लायकाने व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी तशीच सोय असलेला एमपी काढला; 2003 चा एमपी वेगळा, नाव तेवढं एक. त्या चारांपैकी एक कॅमेरा 2012 मध्ये व्हिएन्नाच्या लिलावात 16 लाख 80 हजार युरोला गेला. त्याचा फोटो तू पाहिला असशील, कोपऱ्यांवरचं पितळही. डंकनने त्या कॅमेऱ्याकडून काय काम घेतलं, तेवढं तू पाहिलं नाहीस.

गेल्या आठवड्यात तू हा एम6 माझ्या हातात दिलास, आठवतं? वर्गाच्या गच्चीवर नेऊन मी लेन्स अनंतावर लावली आणि पर्वतीच्या देवळाचा कळस फाइंडरच्या मधल्या चौकोनात घेतला. रेंजफाइंडर ठीक असेल तर दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसायला हव्यात. तिथे कळस दोन दिसत होते. एक खरा आणि दुसरा त्याच्या शेजारी, केसभर वर. तुला बघायला सांगितलं तर म्हणालास, ‘ठीकच आहे की.’ ठीक नाही! भर दुपारी 28 ला एफ8 लावून काढतोस, म्हणून अजून फटका बसला नाही. संध्याकाळी 35 ची लेन्स उघडून कुणाचा चेहरा घे, म्हणजे डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतील. नंतर मी शटर एक सेकंदावर लावून सोडलं. ते रेंगाळलं, सेकंदाच्या कितीतरी पुढे गेलं. आतलं ग्रीस वाळलंय. इतक्या वर्षांच्या यंत्राला स्वच्छता, तेलपाणी आणि जुळवणी लागतेच. तुझ्या कागदावर त्याबद्दल अक्षर नाही. चामड्याच्या रंगाला अर्धं पान आणि ज्या शटरवर प्रत्येक फोटोचा जीव आहे त्याला एक ओळही नाही?

तुझी कॉन्टॅक्ट शीटही मी भिंगाखाली पाहिली आहे. मंडईतली फुलवाली चांगली घेतली होतीस, हात चांगले आले आहेत. पण तिच्या डाव्या बाजूला अर्धी हातगाडी आणि वर पाटीचा तुकडा घुसलाय. फाइंडरमधल्या चौकटीत ते नव्हतं, असं तू शपथेवर सांगितलंस. खरंच नव्हतं. एम6 च्या फ्रेमरेषा 0.7 मीटरवरच्या माणसाच्या हिशोबाने आखलेल्या आहेत. माणूस चार-पाच मीटरवर असला की निगेटिव्हवर चारी बाजूंनी रेषांच्या बाहेरचंही उतरतं. किती उतरतं हे कुणी कोरून देत नाही, रोलमागून रोल काढून डोळ्यात बसवावं लागतं. लेन्सचं झाकण राहून गेलं तरी या कॅमेऱ्यात समोरचं स्वच्छ दिसतं, कारण तू लेन्समधून बघतच नसतोस. उन्हात लेन्स उघडी ठेवून कॅमेरा आभाळाकडे तोंड करून पडला तर सूर्य कापडी शटरला भोक पाडतो. हे सगळं अंगवळणी पडायचं आहे, आणि तू नावाची वेलांटी कशी हवी याची चर्चा करत बसलास.

कॅमेरा ही तुझी ओढ आहे, हे मला कळतं. पैसे तू स्वतः कमावलेले आहेत, तेही मला माहीत आहे. म्हणूनच एवढं बोलतोय. ज्याची पर्वा नाही त्याला मी ‘छान आहे’ म्हणून मोकळं केलं असतं.

कारागिराला आजच कळव की काम थांबवा. आगाऊ रक्कम बुडाली तर बुडू दे. एम6 आधी जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे दे. शटरचे सगळे वेग तपासून, रेंजफाइंडर उभा आणि आडवा दोन्ही जुळवून घे. आणखी एक काम त्याच्याशी बोलून ठेव. या मॉडेलमध्ये उजेड बाजूने आला की फोकसचा चौकोन पांढरा पडून नाहीसा होतो. 2003 च्या एमपीच्या फाइंडरमध्ये तो दोष काढलेला आहे, आणि तशी दुरुस्ती जुन्या एम6 मध्येही करता येते. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाल. चामडं फाटलेलं नाही, ते आहे तसं राहील. नाव कोरायचं नाही. घासायचं काहीही नाही.

मग एकच लेन्स लाव, 35, आणि कृष्णधवल फिल्मवर काम कर. प्रत्येक रोल स्वतः डार्करूममध्ये धू. प्रत्येक कॉन्टॅक्ट शीटच्या मागे लिही, कॅमेऱ्यामुळे काय अडलं आणि तुझ्यामुळे काय अडलं. त्यातून कॅमेऱ्यात काही बदल करावासा वाटला, तर नवा कागद लिहून माझ्याकडे आण, मी बसून वाचीन आणि लागेल तिथे मदत करीन. सोबत कॉन्टॅक्ट शीट नसतील तर कागद आणू नकोस.