आधी विश्वास, मग हुन्नर

‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला आणि कैद्यांच्या सुधारणेचं एक चित्र आपल्या मनात कायमचं बसलं. सहा खुनी, एक उजाड माळ आणि निव्वळ नजरेच्या जरबेने माणसं घडवणारा ध्येयवेडा जेलर. चित्रपटाचे कथाकार गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, यांनी ही कथा हवेतून उचललेली नव्हती. त्यांचं माडगूळ ज्या औंध संस्थानात होतं, त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली होती. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले ज्यू अभियंते तेव्हा औंधच्या स्वराज्याच्या प्रयोगात गुंतले होते. ही कल्पना त्यांचीच, आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. भिंत नाही, गज नाहीत. शिक्षा भोगणारा माणूस इथे बायकामुलांसह राहणार, माणदेशच्या कोरड्या जमिनीत राबणार, पिकवलेला भाजीपाला बाजारात विकणार आणि हजेरीला परत येणार. संस्थान गेलं, पण स्वतंत्रपूर राज्याचं खुलं कारागृह म्हणून टिकून राहिलं.

चित्रपट आणि वसाहत यांतला फरक मात्र आपण फारसा लक्षात घेत नाही. चित्रपटात सगळा भार एका माणसाच्या डोळ्यांवर आहे. नाट्याची ती गरज असते. प्रत्यक्षातले अधिकारी मात्र येतात, बदलून जातात. एखादा ध्येयवेडा निघतो, बाकीचे नियमाने नोकरी करणारे. तरी वसाहत चालत राहते, कारण तिचा आधार कुणा एकाच्या पुण्याईवर नाही. घर, पोरांची शाळा, उभं पीक या साध्या गोष्टींवर ती उभी आहे. ज्याचं पीक शेतात आहे आणि पोर शाळेत आहे, त्याला पळून जायचं कारण उरत नाही. आणि मुख्य म्हणजे इथे क्रम उलटा आहे. एरवी आपण कैद्याला सांगतो, आधी सुधारून दाखव, मग विश्वास टाकू. स्वतंत्रपुरात विश्वास आधी टाकला गेला.

या क्रमाला मी एवढं महत्त्व का देतो, ते सोलापूरकडे पाहिलं की कळतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत त्यांची सेटलमेंट वसली. तिथली माणसं गिरणीत कामाला जात, संध्याकाळी परत येत, हजेरी देत. मुलांसाठी शाळा होती, मोठ्यांना उद्योग होता, आणि या सगळ्याला सुधारणा असंच नाव होतं. वरवर पाहिलं तर स्वतंत्रपूर आणि सोलापूर यांचा दिनक्रम एकच: बाहेर जा, काम करा, हजेरीला परत या. पण सोलापुरात हजेरी घेणाऱ्याच्या मनात संशय पक्का होता आणि तो बापाकडून पोराकडे वारशाने जात होता. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा गेला. संशय गेला नाही, हे पारध्यांच्या कुठल्याही पालावर जाऊन विचारावं. तेव्हा काम आणि शिक्षण ही आपोआप माणसाला मोकळी करणारी गोष्ट नव्हे. त्यामागे कोणती समजूत उभी आहे, यावर सगळं ठरतं.

तुरुंगातल्या कामाची वाटणीसुद्धा या समजुतीपासून सुटलेली नव्हती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट अमुक जातीच्या बंद्याने करावी, स्वयंपाक तमुक जातीच्या, अशा तरतुदी होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना त्या घटनाबाह्य ठरवल्या. राज्यघटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं होत आली होती. बाहेर जो धंदा जातीने गळ्यात पडला, तोच आत आल्यावर शिक्षा म्हणून पुन्हा करायचा, याला पुनर्वसन कसं म्हणायचं?

तरीही कामाची किमया खोटी नाही. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहातल्या मागावर शिकाऊ बंदी सतरंजी विणायला बसतो. पहिले काही दिवस त्याचा हात सारखा चुकतो. कडा आत ओढल्या जातात, पट्टा तिरका जातो, आणि तेवढा भाग उसवून पुन्हा विणावा लागतो. इथे चूक उसवता येते. ज्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक कधीच उसवता येणार नाही, त्याला हा अनुभव काय देत असेल, हे कुठल्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. शेजारच्या सुतारकामात सरकारी कचेऱ्यांसाठी टेबलखुर्च्या तयार होत असतात. या कामाला रास्त मजुरी मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आणि त्यातला काही वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्या कुटुंबासाठी ठेवण्याचा मार्गही दाखवला. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. कैद्याच्या सुधारणेबद्दल बोलताना ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला आपण खुशाल विसरतो. त्याच्या हातात पोचलेली थोडी रक्कम नुकसान भरून काढणार नाही, पण हिशेबात तोही आहे एवढं तरी ती सांगेल.

मराठी मनाला तुरुंग आणि विद्या यांचं नातं नवं नाही. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं झाली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींची ‘श्यामची आई’ लिहून झाली. हा वारसा अभिमानाचा आहेच, पण त्याने आपली थोडी दिशाभूलही केली. ही माणसं विद्या घेऊनच आत गेली होती. आणि आत असताना बाहेरचा समाज त्यांची वाट पाहत होता. सुटकेच्या दिवशी फाटकाशी हार घेऊन उभा होता. चोरीच्या गुन्ह्यात आत आलेला, जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला पोरगा याच्या अगदी उलट टोकाला असतो. त्याला मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम द्यायलाच हवा, पण फाटकाशी कोण उभं असेल, हा प्रश्न पुस्तकाने सुटत नाही.

शिवाय बहुतेकांपर्यंत हे वर्ग आणि हे माग पोचतच नाहीत. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसं होती आणि त्यांतली सुमारे चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी, म्हणजे खटला निकाली न निघालेली. कारागृह उद्योगांची घडी मुख्यतः पक्क्या कैद्यांसाठी बसवलेली. कच्चा कैदी फक्त तारखेची वाट पाहतो. तारीख पडते, पोलीस बंदोबस्त मिळत नाही, पुढची तारीख पडते. जामीन मंजूर होऊनही जामिनाचे पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून आतच राहिलेलेही त्यात असतात. कायद्याच्या नजरेत जो निर्दोष, त्याची वर्षं बराकीत रिकामी जातात. ज्याचा दोष सिद्ध झाला, त्याला निदान हुन्नर मिळतो. या उफराट्या हिशेबाला सुधारणेचा कुठलाच कार्यक्रम पुरा पडणार नाही. इथे आधी न्यायालयांचा वेग वाढायला हवा.

विश्वास आधी टाकण्याचं एक अलीकडचं उदाहरण मात्र आहे, आणि ते चक्क एका बँकेचं. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, तारण नाही, जामीनदार नाही. फेड तुरुंगातल्या मजुरीतून. आत बसलेल्या माणसाला मुलीची फी भरता यावी, वकील लावता यावा, एवढाच त्याचा आवाका. पण कर्ज घेणारा म्हणजे ज्याच्या उद्यावर कुणीतरी भरवसा ठेवला आहे असा माणूस. दानाने ही प्रतिष्ठा मिळत नाही.

सुटकेनंतर मात्र क्रम पुन्हा जुनाच होतो. भाड्याची खोली, कामाची जागा, सगळीकडे आधी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो. कारखानदाराला दोष देणं सोपं आहे. पण सरकारचं तरी काय? कैद्याने केलेली खुर्ची कचेरीत चालते. तीच खुर्ची करणारा सुतार शिक्षा भोगून, मजुरीतून देणं फेडून बाहेर आला, तर त्याच कचेरीत शिपाई म्हणूनही सहसा चालत नाही. सरकारी इमारतींच्या डागडुजीत, फर्निचरच्या कंत्राटांत अशा कारागिरांसाठी थोडं काम राखून ठेवायला फार मोठं धोरण लागत नाही. समाजाने मन मोठं करावं असा उपदेश करण्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी एवढं करून दाखवावं.