मदत मागण्याइतके एकटे

एकट्याने मोटारसायकलवर खंडच्या खंड पालथे घातलेल्या माणसांची पुस्तके ओळीने वाचली, तर त्यांचे देश, काळ आणि स्वभाव वेगळे असूनही एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते. वाटेत भेटलेली अनोळखी माणसे अपेक्षेपेक्षा फार चांगली निघाली, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. अनुभव म्हणून त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण त्यातून ‘जग मुळात चांगले आहे’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पुरेसा वाटत नाही. चांगुलपणा माणसाच्या मनात साठवून ठेवलेला नसतो. तो विशिष्ट परिस्थितीत घडतो, आणि एकटा दुचाकीस्वार ती परिस्थिती नकळत आपल्याबरोबर घेऊन फिरतो. हे मान्य केले, तर या कथांकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि त्यांची खरी किंमतही कळते.

जुन्या काळात या प्रश्नाचे उत्तर घरमालकाच्या बाजूने दिले जाई. होमरच्या महाकाव्यात परक्याचा पाठीराखा खुद्द झ्यूस आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदात अतिथीला देव मानण्याचा उपदेश गुरुकुल सोडून निघालेल्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या गृहस्थाला, केला आहे. दारी आलेला कोण आहे याची चौकशी नंतर, आधी पाणी आणि अन्न. पुढे हे कर्तव्य एकेका घरापुरते न राहता त्याच्या संस्था झाल्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट, तीर्थक्षेत्रांतली अन्नछत्रे, नर्मदेच्या काठावरची सदावर्ते हे सगळे त्याच विचाराचे विटा-दगडांतले रूप. नर्मदा परिक्रमेची रीत मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. परिक्रमावासीयाने शिदोरीचा साठा बाळगायचा नाही, मिळेल ते मागून खायचे. इथे देणाऱ्याच्या धर्माइतकाच घेणाऱ्याचाही धर्म सांगितला आहे. १७९५ मध्ये कांटने शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात आणखी एक पाऊल टाकले. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे, दयेची बाब नव्हे, असे त्याने मांडले. मात्र हा हक्क त्याने भेटीपुरताच ठेवला, पाहुणचाराचा त्यात समावेश केला नाही. जे धर्माने घरमालकाला सांगितले आणि तत्त्वज्ञाने राज्यांना सांगितले, ते रस्त्यावर प्रत्यक्ष कसे घडते हे सांगायला प्रवाशाचीच साक्ष हवी होती.

मोटारसायकलस्वारांनी ती साक्ष लगेच दिली नाही. १९१२-१३ मध्ये कार्ल क्लॅन्सी या तरुण अमेरिकनाने हेंडरसन मोटारसायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा कुतूहल मुख्यतः यंत्राचे होते. ते एवढे अंतर टिकेल का, रस्ते नसतील तिथे काय होईल, हे पाहायचे होते. वीस वर्षांनी रॉबर्ट एडिसन फुल्टन हा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी लंडनहून डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि तुर्कस्तान, इराक, भारत, चीन, जपान असे करत सुमारे दीड वर्षाने अमेरिकेत पोचला. १९३७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात यंत्र मागे सरकले आहे आणि माणसे पुढे आली आहेत. हा बदल पूर्ण झाला तो टेड सायमनच्या हातून. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, पश्चिम आशियात युद्ध पेटले त्याच दिवशी, तो ५०० सीसीच्या ट्रायम्फवर लंडनहून निघाला आणि चार वर्षांत ४५ देश, सुमारे एक लाख किलोमीटर फिरला. सायमनने अडथळ्यांनाच प्रवास मानले. बिघाड, खोळंबा, सीमेवरची अडवणूक हे प्रवासातले व्यत्यय नसून माणसांपर्यंत नेणारे दरवाजे आहेत, ही त्याची दृष्टी. विजयाच्या कथेपासून गरजेच्या कथेपर्यंत यायला साठ वर्षे लागली, आणि माझ्या मते या साहित्याचे मोठेपण या वळणात आहे.

असे का घडते, याची कारणे गूढ नाहीत. मोटारीतल्या माणसाभोवती काच आणि पत्रा असतो, तर दुचाकीवाला पावसात भिजलेला, धुळीने माखलेला, सगळ्यांना दिसणारा असतो. त्याची गरज सांगावी लागत नाही. तो एकटा असल्याने समोरच्याला त्याचे भय कमी वाटते. शिवाय दोघे असले की एकमेकांशी बोलतात, एकट्याला मात्र गावाशीच बोलावे लागते. आणि तो उद्या निघून जाणार असतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०८ मध्ये लिहिले होते की जवळच्यांपासून जपलेल्या गोष्टीही लोक परक्याजवळ मोकळेपणाने बोलतात, कारण तो त्यांच्या नात्यागोत्याच्या जाळ्यात नसतो. मदतीचेही तसेच आहे. परक्याला केलेली मदत पुढच्या मागण्यांचे ओझे आणत नाही. वेळ हा घटक तर निर्णायक ठरतो. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांपैकी १० टक्के थांबले. ज्यांच्याजवळ वेळ होता, त्यांपैकी ६३ टक्के थांबले. काहींना तर संकटातल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या बायबलमधील दृष्टान्तावरच बोलायचे होते, पण त्याने फारसा फरक पडला नाही. वाळवंटाच्या किंवा डोंगराच्या कडेचे गाव प्रवाशाला उदार वाटते याचे एक कारण तिथल्या माणसांजवळ थांबायला असलेली सवड हे आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. पुस्तके लिहितात ते परत आलेले असतात. इटालियन कलावंत पिप्पा बाक्का २००८ मध्ये वधूवेशात, भेटेल त्या वाहनात बसून जेरुसलेमकडे निघाली होती. अनोळखी माणसांवरचा विश्वास हाच तिच्या कलाकृतीचा विषय होता. तुर्कस्तानात तिचा खून झाला. तिची साक्ष सायमनच्या साक्षीइतक्याच गंभीरपणे ऐकली पाहिजे. नर्मदेच्या परंपरेने हे भान कधी सोडले नव्हते. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जातात, हे त्याच परिक्रमेच्या कथांत सांगितले जात आले आहे. त्यामुळे ‘सगळे चांगले असतात’ हे विधान टिकत नाही. पण परत येण्याशी संबंध नसलेला पुरावाही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० देशांत सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटे बँका, हॉटेले, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली गेली. रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटे जवळजवळ सर्वच देशांत जास्त प्रमाणात मालकाला कळवली गेली. समोरच्याचे नुकसान जितके मोठे दिसले, तितकी माणसे अधिक हलली. एकट्या, अडकलेल्या प्रवाशाच्या बाबतीत घडते ते यापेक्षा वेगळे नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हा चांगुलपणा सर्वांना सारखा मिळत नाही. क्लॅन्सी, फुल्टन, सायमन हे गोरे पुरुष होते आणि त्यांचे पासपोर्ट दारे उघडणारे होते. बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय स्त्री १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत एकटी मोटारसायकलवर फिरली. तिने सांगितल्याप्रमाणे, वर्णामुळे मुक्कामाची ठिकाणे तिला बंद असत. कृष्णवर्णीय कुटुंबे आसरा देत, नाही तर ती पेट्रोल पंपावर गाडीवरच झोपे. त्याच काळात हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून कृष्णवर्णीय वाहनचालकांसाठी सुरक्षित ठिकाणांची पुस्तिका काढायला सुरुवात केली, आणि तिच्यात प्रवाशांना ठेवून घेणारी खासगी घरेही असत. म्हणजे जिथे परक्याची माया मिळण्याची खात्री नव्हती, तिथे लोकांनी ती पत्ते छापून उभी केली. ही पुस्तिका सदावर्ताचीच नातेवाईक आहे. चांगुलपणा नशिबावर सोडायचा नाही, त्याची व्यवस्था लावायची, हा विचार दोन्हींत आहे.

म्हणूनच आपल्या रस्त्यांबद्दल बोलताना मला स्वभावापेक्षा परिस्थितीची चिंता अधिक वाटते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांत दुचाकीवरच्यांचे प्रमाण जवळपास ४५ टक्के होते. रस्त्यावर पडलेल्या जखमीभोवती जमलेली गर्दी हात लावत नाही, याचे कारण निष्ठुरता असे आपण सहज म्हणतो. खरे कारण पुष्कळदा जबाब, पंचनामा आणि कोर्टाच्या फेऱ्या यांची भीती हे असते. ट्रकवाल्यापासून गावच्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना ती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पण अपघातस्थळी सर्वांत आधी पोचतो तो ढाबेवाला, पंक्चर काढणारा, शेजारच्या शेतातला माणूस, आणि हे त्यालाच माहीत नसते. महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर, पेट्रोल पंपावर आणि रुग्णालयाच्या दारात हे कलम मोठ्या मराठी अक्षरांत लावले, तर थांबणाऱ्यांची संख्या वाढेल असे मला खात्रीने वाटते.