ताट आईचं, घास लेकराचा

सालेकसा गावात वर्षा नावाची एक शिक्षिका राहत होती. दरेकसाच्या बाजूला, जंगलाच्या कडेला असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत ती शिकवायची. नवरा सकाळच्या गाडीने गोंदियाला कामाला जायचा. सासरे धानाची शेती पाहायचे आणि सासूबाई घर सांभाळून बांधीतही राबायच्या. वर्षा त्यांना मामाजी, मामीजी म्हणायची. घरातली चारही माणसं दिवसभर कामात, म्हणून अडीच वर्षांचा गोलू मागच्या मोहल्ल्यातल्या एका काकूंच्या पाळणाघरात असायचा.

जून सरता सरता विदर्भातल्या शाळा उघडल्या आणि गोलूचा डबा भरलेला परत येऊ लागला.

वर्षा पहाटे उठायची. पालकाच्या हिरव्या पुऱ्या, गाजर किसून केलेला पराठा, भाताचे वळलेले छोटे गोळे, जे जे सुचेल ते ती करायची. संध्याकाळी झाकण उघडलं की सगळं जसंच्या तसं.

"काकू, काहीच नाही खाल्लं का?"

"नाही ना वं. तोंड घट्ट मिटून घेते. मोबाईल दाखवला तं दोन घास गेले पोटात."

येता-जाता कुणी म्हणायचं, "लेकरू वाळला गा, माय नोकरीले जाते ना." ते वाक्य वर्षाच्या मनात रात्रभर सलायचं. परत आलेला डबा म्हणजे आपण आई म्हणून कमी पडलो, असं तिने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी उशीर झाला, म्हणून तिने डब्यात क्रीमची बिस्किटं टाकली. त्या संध्याकाळी डबा रिकामा आला. तिला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशीही तिने बिस्किटंच दिली. मग कधी चिप्स, कधी बिस्किटं. डबा रोज रिकामा होऊ लागला, पण गोलूचं पोट घट्ट राहू लागलं, चिडचिड वाढली आणि रात्री वरणभाताचं ताट तो हाताने दूर ढकलू लागला.

महिन्याचं वजन करायचा दिवस आला. देशात 1975 साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून लहान मुलांचं वजन करून त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवणं हे अंगणवाडीचं काम आहे. वर्षा गोलूला घेऊन गेली. अंगणवाडीच्या सेविकाताईंचा या कामातला अनुभव मोठा होता. त्यांनी गोलूला काट्यावर उभं केलं. वजन 12 किलो. दंडाला पट्टी लावली, मोजमाप साडेबारा सेंटिमीटरच्या वर, पट्टीच्या हिरव्या भागात. वाढीच्या तक्त्यावर त्यांनी नवा ठिपका दिला आणि मागच्या ठिपक्यांना जोडला.

"हे पाहा मॅडम. रेघ हिरव्या पट्ट्यात आहे आणि वर चढते आहे."

"पण ताई, तो काहीच खात नाही हो!" वर्षाचे डोळे भरून आले.

ताईंनी तिला बसवलं. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय गेलं, तेवढं सांगा."

वर्षा आठवून सांगू लागली. उठल्यावर बाटलीभर दूध. काकूंकडे जाताना हातात दोन बिस्किटं. डब्यातलं पाकीट. दुपारी झोपताना पुन्हा दूध. संध्याकाळी दुकानासमोर रडला, म्हणून पाच रुपयांचे कुरकुरे. मामीजींनी लाडाने दिलेली बिस्किटं. रात्री जेवला नाही, उपाशी कसा झोपवायचा, म्हणून परत बाटली.

"दूधच लिटरभराच्या जवळ गेलं," ताई म्हणाल्या. "एवढ्याशा पोटात भुकेला जागा कुठे राहिली? लेकरू खात नाही असं नाही. त्याला भूक लागायला आपण वेळच देत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते, तशी भूकही उतरते. आईच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या वर्षाचं खाणं असतं, म्हणून तिला वाटतं मूल जेवायचं थांबलं. या वयाच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच दूध पुरे. दुधात लोह जवळपास नसतं. दुधावरच पोट भरत राहिलं तर वरण, भाजी, अंडं यांना वाव उरत नाही आणि अंगातलं रक्त कमी होतं.

"आणि नवीन पदार्थाला नाही म्हणणं हा या वयाचा स्वभाव आहे. पहिल्यांदा नको म्हटलं म्हणजे कायमचं नको, असं नसतं. कधी कधी दहा-पंधरा वेळा तो पदार्थ समोर यावा लागतो, तेव्हा कुठे मूल जिभेला लावून पाहतं. आपण दोनदा करतो आणि सोडून देतो."

"मग मी करू तरी काय?"

"काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसवायचं, हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, हे त्याला ठरवू द्या. तुमचं काम तुम्ही करा, त्याचं त्याच्याकडे राहू द्या. फक्त वजनाची रेघ आडवी झाली, खाली आली, घास गिळताना सारखा ठसका लागू लागला, तर थांबायचं नाही. सरळ डॉक्टरांकडे."

कामाची ही वाटणी सांगायला सोपी आहे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी आपल्या पुस्तकांतून ती मांडली आणि जगभरच्या कितीतरी पालकांना तिचा आधार मिळाला. पाळायला मात्र ती अवघड आहे, कारण तिच्यात आईने मनावर दगड ठेवून गप्प राहायचं असतं.

वर्षाने डबा बदलला. मोठा स्टीलचा डबा ठेवून दिला आणि दोन कप्प्यांची छोटी डबी घेतली. एका कप्प्यात गोलूच्या ओळखीचं काहीतरी, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा तूप लावलेली पोळी. दुसऱ्या कप्प्यात नवीन काहीतरी, पण अंगठ्याएवढंच: उकडलेल्या अंड्याची फोड, मुनग्याच्या शेंगेतला काढलेला गर, भेदऱ्याची साल काढलेली फोड, मऊ शिजवलेला भोपळा. शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, कूट करून भाजीत घालायचे. फुटाणेही अख्खे नाहीत, घशात अडकतात. पावसाळ्याच्या उमसत्या दिवसांत गरम खिचडीवर लगेच झाकण लावलं की वाफ धरते आणि अन्न आंबतं, म्हणून आधी ते ताटात पसरून निववायचं. वाढायचं चार-पाच चमचेच. कमी वाढलं तर मूल मागू शकतं, आणि मागून खाल्लेला घास अंगी लागतो.

दुधाची बाटली गेली. त्याऐवजी दोन वेळा पेल्याने दूध. काकूंना तिने विनवलं, "मोबाईल नको, भरवणं नको. सगळ्या पोरांसोबत पंगतीत बसवा, डबी उघडून ठेवा. अर्ध्या तासाने उचला. रागावू नका, आणि खाल्लं तर टाळ्याही वाजवू नका."

पहिल्या दिवशी डबी भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशीही. खिचडीला नुसतं बोट लागलेलं, अंडं जमिनीवर फेकलेलं. तिसऱ्या संध्याकाळी गोलू दारात आला आणि रडत आजीकडे धावला. मामीजींनी पदराआडून बिस्किटाचा पुडा काढला.

"मामीजी, आता नको. तासाभरात जेवण आहे."

"लेकराले उपाशी ठेवतेस का वं? माह्या जीवाले बरा नाही वाटे. आमी नाही वाढवली का पोरं?"

वर्षा काही बोलली नाही. ती परसात जाऊन उभी राहिली. रोवणीचे दिवस होते. मामाजी नुकतेच बांधीतून आले होते आणि चिखलाचे पाय धूत होते. त्यांनी आतलं बोलणं ऐकलं होतं. ते सुनेच्या बाजूने बोलले नाहीत, बायकोच्याही नाही.

"वर्षा, आज परे रोवले ना आपण. उद्या पाहशील तं मान टाकून दिसतील. पिवळेही पडतील. दरसाल पडतात. मंग मी का रोप उपटून पाहतो का, मुळ्या धरल्या का नाही म्हणून? उपटला का मेला. आपला काम काय? बांधीत पाणी धरून ठेवाचा आणि धुरा फुटू द्याचा नाही. मुळ्या धरणं त्या रोपाचा काम आहे. आपण कितीही घाई केली तरी आपल्याच्यानं ते होत नाही."

मामीजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बिस्किटाचा पुडा त्यांनी फडताळात ठेवला. वर्षा आत आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"मामीजी, तुमचा लाड मला तोडायचा नाही. चार वाजता त्याला काहीतरी लागतंच. ते तुम्ही करून ठेवा. तुमच्या हातचे आयते त्याने एकदा आवडीने खाल्ले होते."

त्या दिवसापासून चारचं खाणं आजीकडे गेलं. कधी तांदळाच्या पिठाचे गूळ घातलेले आयते, कधी भिजवलेल्या मुगाचे मऊ धिरडे, कधी केळं. पुढे तलावातले शिंगाडे बाजारात आले, तेव्हा ते उकडून कुस्करलेले. बिस्किटाचा पुडा आपोआप मागे पडला, कारण नातवाला देण्यासारखं आजीच्या हाती त्याहून चांगलं काहीतरी आलं होतं.

आठवडे गेले. एक दिवस काकू म्हणाल्या, "आज त्यानं शेजारच्या पोरीच्या ताटात पाहिला. ती अंडा खात होती. यानं आपला उचलून चाटला आणि ठेवून देला." वर्षाने हूं म्हटलं, पण डब्यात पुन्हा अंडं दिलं. नंतर केव्हातरी अर्धी फोड गेली. मुनग्याचा गर वरणात आवडू लागला. भोपळा कधी खाल्ला, कधी सांडला. भेदऱ्याला मात्र गोलूने शेवटपर्यंत हात लावला नाही, आणि वर्षाने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. मोठ्या माणसांनाही एखादी भाजी आवडत नाही.

काही दिवस तो पोटभर खायचा, काही दिवस दोन घासांवर उठायचा. पूर्वी वर्षा एका डब्यावरून दिवसाचा हिशेब मांडायची. आता ती आठवड्याकडे पाहू लागली, आणि आठवड्याचं खाणं बरोबर भरत होतं. दिवाळीच्या सुमारास हलकं धान कापणीला आलं, तोवर गोलूचं पोट साफ राहू लागलं होतं आणि रात्री तो स्वतःहून ताटाजवळ येऊन बसू लागला होता. सेविकाताईंनी तक्त्यावर नवा ठिपका दिला. रेघ पूर्वीसारखीच हिरव्या पट्ट्यात, पूर्वीसारखीच वर.

वर्षाने विचारलं, "ताई, एवढं सगळं करूनही रेघ होती तशीच आहे?"

ताई म्हणाल्या, "रेघ तेव्हाही चांगलीच होती. पण तेव्हा लेकरू जेवणाला भ्यायचं आणि तुम्ही डब्याला. ती भीती गेली, आणि ताटात चार चांगले पदार्थ आले. आता जे शिकला, ते त्याला जन्मभर पुरेल."

तात्पर्य: लेकराची भूक ही त्याची स्वतःची आहे, ती आपल्या काळजीच्या तालावर चालत नाही. चांगलं अन्न, ठरलेली वेळ आणि सोबतीची पंगत एवढं आपण द्यावं, रोज द्यावं, न कंटाळता द्यावं. घास उचलण्याचा मान लेकराला द्यावा. रिकामा डबा हे आईच्या मायेचं माप नव्हे आणि भरलेला डबा हा तिचा दोष नव्हे. ज्या घरात मूल दडपणावाचून जेवतं, त्या घराने त्याला अन्नासोबत स्वतःच्या पोटाचं ऐकायला शिकवलेलं असतं.