उंबऱ्याचा पत्रा

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या काळच्या शेव्हरोलेला रनिंग बोर्ड असायचंच: पुढच्या मडगार्डापासून मागच्या मडगार्डापर्यंत गेलेली लांब पायरी, तिच्यावर रेघांचं काळं रबर. गाडी उंच, रस्ते चिखलाचे. पायरीवाचून चढणार कसं? या पायरीवर पेट्रोलचा डबा जायचा, वळकटी जायची, आणि आत जागा नसली की दाराला धरून उभा राहिलेला एखादा माणूसही जायचा. इतकं सगळं वाहूनही गाडीच्या ताकदीत तिचा वाटा जवळजवळ शून्य. सारा भार खालच्या चेसिसवर. पायरी आपली ब्रॅकेटांच्या आधाराने बाहेर लटकलेली.

म्हणूनच तिची दुरुस्ती सरळ असते. बोल्ट सोडायचे, पायरी खाली घ्यायची, रबर काढायचं. रबराखाली वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी पत्रा खात बसलेलं असतं, तेवढा भाग कापून नवा जोडायचा, वाकलेलं ब्रॅकेट सरळ करायचं. चुकलं तर पुन्हा काढता येतं. जुन्या गाड्यांच्या रॅलीत लोक याच पायरीपाशी रेंगाळतात, मालक तिच्या कडेची पट्टी रुमालाने पुसत राहतो, आणि गाडी किती निगुतीने राखली आहे याचा निवाडा तिथेच होऊन जातो. मला हा निवाडा फार स्वस्तातला वाटतो.

कारण पुढे गाड्या ठेंगण्या झाल्या, अंग रुंदावलं, आणि पायरी त्या अंगाखाली गडप झाली. तिच्या जागी दाराखाली उरला तो एक बंद पोकळ पट्टा, सिल. (पुष्कळ गॅरेजांत त्यालाही रनिंग बोर्डच म्हणतात.) १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० ने तर स्वतंत्र चेसिस ठेवलीच नाही, बॉडीचा पत्राच चेसिसचं काम करू लागला. हीच गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनली, तिची पद्मिनी झाली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. अशा गाडीत चार दारांसाठी बॉडीच्या दोन्ही कुशी कापलेल्या असतात. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्यात या सिलचा मोठा वाटा असतो. पायरी गेली, उंबरा आला, आणि उंबऱ्यावर घर उभं राहिलं.

हा उंबरा आतून कुजतो. चाकांनी उडवलेला चिखल पोकळीत साचतो, तळाची निचऱ्याची भोकं बुजतात, ओला गालिचा वरून ओल देत राहतो, आणि मुंबईची खारी हवा तर बारा महिने आहेच. बाहेर रंगावर चार फोड दिसतात तोवर आतल्या पत्र्याचा भुगा झालेला असतो. जॅक लावला की कळतं. सिलखाली जॅक देऊन गाडी उचलावी आणि दाराच्या फटीकडे पाहावं. फट बदलली, दार अडकू लागलं, तर गाडी आपल्याच वजनाने वाकते आहे असं समजावं.

मग मोह होतो पत्र्यावर पत्रा मारण्याचा. कुजक्या सिलवर नवी पट्टी टाचायची, वर पुट्टी, घासकाम, रंग, खालून काळा थर. दिसायला गाडी कारखान्यातून आल्यासारखी. आत मात्र दोन पत्र्यांच्या मधे ओल कोंडलेली, आणि भार पेलायला तोच भुगा. खरं काम कंटाळवाणं असतं. सीटा, गालिचे, वायरिंग, पेट्रोलची नळी आधी बाजूला. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे टाचून घ्यायचे, नाहीतर सिल काढताच चौकट मिटते आणि मग कुठलंच दार बसत नाही. एका वेळी एकच बाजू. स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचे, स्वच्छ धातू लागेपर्यंत कापायचं, आधी आतला पत्रा बसवायचा, बाहेरचा शेवटी. मधून मधून दार लावून पाहायचं. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, तिथे एक, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा घेतो. निचऱ्याची भोकं उघडी ठेवायची आणि पोकळीत मेण फवारायचं. यातलं एकही काम रॅलीत दिसत नाही.

आणि कायदा? २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत ही अट. शेव्हरोलेची पायरी बदलली तर या अटीला धक्का लागत नाही. फियाटची सिल मात्र बॉडी शेलचाच भाग. नियम करणाऱ्यांच्या मनात गाडीचं रूप पालटणारे फेरबदल असावेत, दुरुस्ती नसावी, असं मी मानतो. पण ‘मूळ’ म्हणजे मूळ पत्रा, असाच अर्थ आपण मालक मंडळी लावत बसलो तर पुट्टीवाला निर्दोष ठरतो आणि कापून नीट जोडणारा संशयित. माझ्या मते सिलचं मूळपण तिच्या कामात आहे. भार न पेलणारा १९६५ चा पत्रा हा जुना पत्रा आहे, सिल नव्हे.

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फीव्हा’ हिच्या तूरीन सनदेत एक शहाणी सूचना आहे: बदललेल्या भागावर कायमची खूण करावी, म्हणजे जुनं-नवं वेगळं ओळखता येईल. आपल्याकडे हे सहज जमेल. आतल्या सिलवर, रंग मारण्याआधी, पंचाने साल ठोकावं. कापून काढलेल्या पत्र्याचे फोटो आरसीच्या फायलीत ठेवावेत. गाडी विकताना त्या फोटोंमुळे किंमत थोडी उतरेलही. जो गिऱ्हाईक ते पाहून घासाघीस करतो, त्याने शेजारच्या, फोटो नसलेल्या गुळगुळीत फियाटखाली एकदा जॅक लावून पाहावा.